बेर्तोच्या तांबड्या चिंध्या

वादळ होऊन गेलं, लाईट गेली, की आमच्या केब्रादा मान्सा गावात सगळ्यात आधी घराबाहेर पडतो तो बेर्तो. खिशात तांबड्या चिंध्या कोंबलेल्या. प्रत्येक फाटकासमोर उभा राहून विचारणार, जनरेटर बंद? मेन बंद? तुम्ही हो म्हणालात म्हणून तो ऐकून घेत नाही. चिखलाच्या बुटांनी तुमच्या पुसलेल्या फरशीवरून आत येणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि मगच फाटकाला चिंधी बांधणार. चिंधी म्हणजे या घरातून लाईनवर करंट येणार नाही, खांबावर चढणाऱ्याने बिनघोर चढावं. जो बांधेल तोच सोडेल, असा त्याचा नियम. एकदा एका पाहुण्याने गंमत म्हणून एक चिंधी सोडली, तर बेर्तोने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तोही चर्चच्या दारात.

आता आमच्या टेकडीवर अकरा घरांवर सोलर पॅनेल आहेत आणि अकराही घरांत बॅटऱ्या आहेत. लाईट गेली तरी पंखा थांबत नाही. संध्याकाळी खाली वीज कमी पडली तर आमच्या बॅटऱ्यांतून थोडी लाईनला परत जाते, आणि आम्ही फुशारकी मारतो की राजधानीचे, सान हुआनचे दिवे आमच्या जिवावर जळतात. तरी बेर्तोच्या चिंध्या चालूच. एके काळी मी त्याच्यावर इतकी खेकसायचे, की शेजारणी म्हणायच्या, सोराइदाला बेर्तो दिसला की ती चावायलाच उठते. आज त्याच्याबद्दल लिहायला बसलेय ते उपकार फेडायला नाही. ते फिटणारे नाहीत. निदान सांगून तरी टाकावेत.

बेर्तो म्हणजे एरिबेर्तो किन्योनेस. एकतीस वर्षं लाईनमन होता. आज वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा कामातून गेलेला, डाव्या हाताला तीनच बोटं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकटाच राहतो, अळकुड्या लावतो, कोंबड्यांशी भांडतो. बोलणं तुटक. कुणाचं कौतुक करायचं असलं तर म्हणतो, "वाईट नाही." पोर्तो रिकोत आम्ही दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास गप्पा मारणारी माणसं, त्यांच्यात हा असा कसा निपजला, देव जाणे.

त्याच्या बोटांची गोष्ट गावाला माहीत आहे ती अशी. अठ्ठ्याण्णव सालच्या वादळानंतर दोन महिने लाईट नव्हती. नोव्हेंबरात बेर्तो आमच्याच टेकडीवर तारा जोडायला चढला होता. कुणाच्या तरी घरातून जनरेटरचा करंट उलटा लाईनवर आला. घरातला तो एवढासा करंट डीपीतून उलटा गेला की हजारोंचा होतो. बेर्तो पट्ट्याला लटकून राहिला म्हणून वाचला. दोन बोटं मात्र गेली. चौकशीला माणसं आली. घरोघर विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, आमचा जनरेटर नव्हता चालू. त्यानंतर कामावर परत आल्यावर बेर्तोने ह्या चिंध्या सुरू केल्या.

आता माझी गोष्ट. तो जनरेटर माझा होता.

त्या दिवशी बेर्तोने रस्त्यावरून हाक मारून विचारलं होतं, सोराइदा, जनरेटर बंद आहे ना? मी खिडकीतून म्हटलं, बंद आहे. आणि खरोखर बंदच होता. पण फ्रीजरमध्ये ख्रिसमसच्या पास्तेलेससाठी आख्ख्या डुकराचं मांस भरलेलं. सासूबाईंनी वर्षभर पोसलेलं डुक्कर. पास्तेलेस म्हणजे कच्च्या केळ्यांचा आणि अळकुड्यांचा गोळा, आत मांस, बाहेर केळीचं पान. त्याशिवाय आमचा ख्रिसमस होत नाही. मांसाला पाणी सुटायला लागलं होतं. तासाभराने मी बाहेर डोकावले, गाडी दिसली नाही. वळणापलीकडे लावली होती, ते मला कुठून दिसणार? वाटलं, गेले. मग दोन्ही टोकांना पिन असलेली ती वायर काढली. त्या काळी आमच्या डोंगरात ती घरोघरी असायची. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. आधी मेन बंद करायची असते, म्हणजे करंट घराबाहेर लाईनवर जात नाही, हे मला ठाऊक होतं. विसरले. जनरेटरची दोरी ओढली, आणि स्वयंपाकघरातला रेडिओ आपोआप गायला लागला.

मग वळणापलीकडून ओरडणं ऐकू आलं. मी जनरेटर बंद केला. वायर काढून कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकली. आणि मग धावत गेले, काय झालं, काय झालं म्हणत.

एफ्राईन, माझा नवरा, तेव्हा कामाला पोन्स शहरात असायचा. त्यालाही सांगितलं नाही. चौकशीवाल्यांना तर नाहीच. तो रेडिओ मी पुन्हा कधी लावला नाही. एफ्राईनला म्हटलं, बिघडला, आणि कपाटावर ठेवून दिला. बेर्तो इस्पितळातून आला तेव्हा त्याच्या आईकडे पास्तेलेसचं मोठं पातेलं नेऊन दिलं. ती माउली मला म्हणाली, किती गं माया तुझी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्याचं आपल्या हातून वाकडं झालेलं असतं, त्याचं तोंड बघवत नाही. बेर्तो फाटकाशी आला की माझं डोकं फिरायचं. चिंधी बांधताना ती तीन बोटं दिसायची, आणि मी त्याच्या चिखलाच्या बुटांवरून भांडण काढायचे. चोवीस वर्षं काढलं.

मधल्या काळात एफ्राईनची फुप्फुसं गेली. चाळीस वर्षं सिगारेटी ओढल्यावर दुसरं काय होणार? मारिया वादळानंतर अकरा महिने अंधारात काढले, तेव्हा तो धडधाकट होता. त्यानंतर दोन वर्षांनी घरात प्राणवायूचं यंत्र आलं. विजेवर चालतं, हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. एफ्राईन त्याला दुसरी बायको म्हणतो. रात्रंदिवस गुरगुरते, म्हणतो, आणि स्वयंपाकाच्या नावाने पूज्य. पण ती तासभर गप्प बसली तर त्याचे ओठ निळे पडतात. तेव्हापासून लाईट हा आमच्या घरात सोयीचा विषय राहिला नाही.

म्हणून मी पॅनेल घेतली. एक गोडबोल्या विक्रेता आला, कागदावर सूर्य काढून दाखवला, आणि बॅटरीचं मागाहून बघू म्हणाला. मला वाटलं, छपरावर पॅनेल आहेत, वर ऊन आहे, आता कशाला कोण लागतंय? पॅनेल चढली त्या दिवशी बेर्तो रस्त्यात उभा राहून वर बघत होता. त्याने विचारलं, बॅटरी कुठाय? मी म्हटलं, तुमच्या डोक्यात. तो म्हणाला, लाईट गेली की हे बंद पडतं, सोराइदा. मी म्हटलं, सूर्य काय कंपनीच्या नोकरीत आहे का? आणि फाटक लावून घेतलं. इतका शहाणपणा अंगात मावत नव्हता माझ्या.

दोन वर्षांमागे सप्टेंबरात वादळ आलं. मारियाएवढा वारा नव्हता, पण पाऊस असा, की डोंगर रस्त्यावर उतरला. गावाकडे जाणारा रस्ता खचला, आणि वर चर्चकडे जाणाराही. लाईट तर पहिल्या तासात गेली. दोन दिवस जनरेटरवर यंत्र चालवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल संपलं. प्राणवायूच्या दोन बाटल्या होत्या, एकेक पाच तासांची.

आणि नेमकं त्या सकाळी ऊन पडलं. असं लख्ख, की छपराकडे बघवत नव्हतं. पॅनेल चकाकताहेत आणि खाली यंत्र मुकं. मी स्विच दाबले, खाली-वर केले, शिव्या घातल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; इथे कळसा डोक्यावर होता आणि घोटभर पाणी मिळत नव्हतं. चौघा शेजाऱ्यांनी एफ्राईनला खुर्चीसकट उचलून वर चर्चकडे न्यायचं ठरवलं, कारण तिथे पॅनेल आणि बॅटऱ्या दोन्ही होत्या, न्यूयॉर्कला गेलेल्या आमच्याच माणसांनी पाठवलेल्या. खचलेल्या जागेपर्यंत गेले. चिखलात मांडीपर्यंत रुतले. खुर्ची कलली, नळी निसटली, आणि त्याचा चेहरा बघून मीच म्हटलं, मागे फिरा. त्या भानगडीत पहिली बाटली संपली.

तेवढ्यात चिंध्या बांधत बांधत बेर्तो आमच्या फाटकाशी पोचला. त्याने छपराकडे बघितलं, एफ्राईनकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता म्हणेल, सांगितलं होतं तुला. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, बाटलीत किती तास आहेत? मी म्हटलं, साडेचार. मग माझा बांध फुटला. मी ओरडले, वर एवढं ऊन आहे आणि हे मेलं यंत्र बंद का? कुणी मेल्याने केलं असं?

"माझ्यासारख्यांसाठी केलंय," तो म्हणाला. "लाईन बंद असताना छपरावरचा करंट उलटा जाऊ नये म्हणून ते आपोआप थांबतं. खांबावर माणूस असतो ना."

तो सहज बोलला. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. ज्या नियमाने माझ्या नवऱ्याचा श्वास अडवला होता, तो असल्याच तुटलेल्या बोटांमुळे कुणीतरी लिहिला होता.

बेर्तो ओसरीवर जाऊन चर्चकडे बघत राहिला. आमच्या घरापासून चर्च सरळ रेषेत तीनशे मीटर, मध्ये घळ. घळीवरून सहा खांबांची लाईन गेलेली, एक खांब मोडलेला. तो स्वतःशीच पुटपुटला, तारा आहेतच, नुसत्या मेलेल्या आहेत. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एकतीस वर्षं जे करू नका म्हणून घसा फोडला, ते आज मी करणार आहे. मेलेल्या लाईनवर करंट घालणार आहे. कुणी विचारलं तर बेर्तोने केलं म्हणून सांगायचं."

पुढचे चार तास मी विसरणार नाही. आधी त्याने लांब काठीने डीपीचा फ्यूज काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला, म्हणजे करंट उलटा चढून हजारोंचा होऊ नये. मग टेकडीच्या पायथ्याशी, जिथून लाईन गावाकडे जाते, तिथे तारा तोडून वेगळ्या केल्या. त्या लाईनवरच्या पाचही घरांत जाऊन मेन बंद केली, फाटकांना चिंध्या बांधल्या. मोडक्या खांबाच्या जागी बांबू उभा केला. बहात्तर वर्षांचा माणूस, तो गुडघा, ती बोटं, आणि खांबावर चढत होता. पलीकडे चर्चमध्ये पास्टर निल्सा बोर्डाशी उभी होती. बेर्तोची शिट्टी ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही, असं तिला बजावलेलं.

इकडे मी बाटलीचा काटा बघत बसले होते. काटा तांबड्यात गेला. एफ्राईनने माझा हात धरला आणि डोळे मिटले. तो काही बोलत नव्हता, आणि एफ्राईन बोलत नाही म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. घळीपलीकडून शिट्टी आली. यंत्र एकदा खाकरलं आणि गुरगुरायला लागलं.

बऱ्याच वेळाने त्याच्या ओठांवर रंग आला. म्हणाला, आली बघ दुसरी माहेरहून.

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. बेर्तोचे पाय धरायला बाहेर धावले, तर तो गायब. शोधत पायथ्याशी गेले. तारा तोडल्या होत्या त्या खांबाखाली पांढरी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता. खांबाला चिंधी, आणि फळीवर खडूने लिहिलेलं: लाईन चालू आहे, हात लावू नका, बेर्तोला विचारा. मी म्हटलं, घरी चला, भात खा. तो म्हणाला, लाईनवाल्यांची गाडी येईल ती इथूनच. त्यांच्या हिशोबी ही लाईन मेलेली आहे. मी उठलो आणि तेवढ्यात कुणी हात घातला, तर? फळीचं काय, फळी वाऱ्याने पडते.

आणि बसला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. झोपायला बाजूलाच त्याची जुनी गाडी. पाच घरांतली माणसं त्याला आळीपाळीने जेवण न्यायची: तुरीच्या दाण्यांचा भात, उकडलेला निरफणस, कुणी अंडी. चर्चच्या बॅटऱ्या लहान, म्हणून बेर्तोने दोनच घरांची मेन पुन्हा लावली होती; माझं यंत्र आणि शेजारच्या ग्लोरीमारच्या इन्शुलिनचा फ्रीज, एवढंच चालायचं. बाकी घरं अंधारात. त्यांच्या अंगणावरून तार जात होती आणि एकानेही म्हटलं नाही की आमचा एक दिवा लावा. ग्लोरीमारचा नवरा एरवी फुकटचा श्वाससुद्धा सोडत नाही, तोही येऊन एफ्राईनला म्हणाला, तू घे बाबा, आम्ही मेणबत्तीत जास्त देखणे दिसतो. अशी माणसं आहेत आमची.

मी रोज दुपारी बेर्तोला कॉफी न्यायचे. कप द्यायचा, गप्प उभं राहायचं, रिकामा कप घेऊन यायचं. भांडायला तोंड उघडत नव्हतं आणि दुसरं काही बोलायची सवय नव्हती. हा माणूस माझ्या नवऱ्याच्या श्वासावर पहारा देतोय, आणि त्याला माहीतही नाही मी कोण आहे. सहाव्या दिवशी मला सहन होईना. कप त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "बेर्तोभाऊ, अठ्ठ्याण्णव सालचा तो जनरेटर माझा होता."

त्याने कॉफीवर फुंकर मारली. एक घोट घेतला. "साखर कमी आहे," म्हणाला. आणि मग, "माहीत आहे मला."

मी खाली बसले. चिखलातच.

"त्या डीपीवर तीनच घरं होती," तो म्हणाला. "एक बंद, एकात म्हातारी नि मेणबत्त्या. आणि मी वर असताना तुझा रेडिओ वाजायला लागला. लाईट नसलेल्या घरात रेडिओ वाजतोय, म्हणजे काय ते कळलं मला. हात काढेपर्यंत उशीर झाला."

मी विचारलं, मग चौकशीत का नाही सांगितलंत? मला वाटत होतं तो आता तरी चिडेल. चिडला नाही. म्हणाला, सांगून बोटं उगवली असती का? या डोंगरात माणसांना दुसरं काम नाही. तू मरेपर्यंत 'ती जनरेटरवाली' झाली असतीस. शिवाय मी विचारलं तेव्हा तो बंदच होता, तू खोटं बोलली नव्हतीस. रस्त्यावरून हाक मारून विचारलं आणि चढलो, आत येऊन बघितलं नाही, ती चूक माझी. म्हणून तर चिंध्या आल्या.

म्हणजे ज्या चिंध्यांवरून आणि ज्या बुटांवरून मी चोवीस वर्षं भांडत होते, त्या माझ्यामुळेच होत्या, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडले. म्हटलं, मला माफ करा, भाऊ. आणि वर इतकी वर्षं मी तुमच्यावरच खेकसत होते.

"ते मात्र चुकलं तुझं," तो म्हणाला. "आणि पास्तेलेस जरा खारट झाले होते. आईने काही बोलून दाखवलं नाही."

मग तो गुडघा धरून उठला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस इथे. मी आंघोळ करून येतो. सहा दिवस झाले, मलाच माझा वास सहन होत नाही."

मी म्हटलं, मी? पास्टर निल्साला बोलावते, ग्लोरीमारच्या नवऱ्याला बोलावते. या टेकडीवर दुसऱ्या कुणालाही बसवा.

"तूच," तो म्हणाला. "इथे तुझ्याइतकं जागं दुसरं कुणी राहणार नाही."

त्या दिवसापासून रोज दुपारी दोन तास मी त्या खुर्चीत. पाण्यासाठीसुद्धा उठले नाही. सातव्या दिवशी चर्चची माणसं डोंगराच्या कडेने चालत गावात जाऊन प्राणवायूची एक भरलेली बाटली घेऊन आली. नवव्या दिवशी रस्ता मोकळा झाला, आणि लाईनवाल्यांची गाडी आली ती नेमकी माझ्या वेळेत. बेर्तो घरी आंघोळीला गेलेला. फळी वाऱ्याने पालथी पडलेली.

मुकादम तरणा होता, यादिएल नाव. गेल्या कित्येक रात्री झोपला नसावा, डोळे आत गेलेले. गाडी थांबते ना थांबते तोच त्याचा माणूस गाडीवरच्या पाळण्यात चढला आणि पाळणा वर जायला लागला. मी उठले आणि गाडीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, त्याला खाली घ्या, लाईन चालू आहे.

यादिएल म्हणाला, "काकू, बाजूला व्हा. सगळा डोंगर अकरा दिवस बंद आहे. ही लाईन मेलेली आहे."

"मेलेली नाही," मी म्हटलं. "वरून चर्चमधून करंट येतोय. मी सांगतेय ना, चालू आहे. त्याला खाली घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. घाला गाडी अंगावर."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. हेच वाक्य चोवीस वर्षांपूर्वी खिडकीतून ओरडायला हवं होतं, चालू केलाय, हात लावू नका. तेव्हा नाही निघालं. आज निघालं, आणि इतकं मोठ्याने की घळीपलीकडे पास्टर निल्सा बाहेर आली.

यादिएलने माझ्याकडे बघितलं, हात वर केला. पाळणा थांबला. वरच्या माणसाने तारेला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. त्याने हात मागे घेतला आणि छातीवर क्रूस केला. हातमोजे त्याने अजून घातलेलेच नव्हते, ते पट्ट्याला लटकत होते.

बेर्तो लंगडत धावत आला तो ओल्या केसांनी, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. यादिएल त्याच्यावर उसळला. हा गुन्हा आहे, तुरुंगात जाल, म्हणाला. बेर्तोने सगळं ऐकून घेतलं, खिशातून डीपीचा फ्यूज काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, बरोबर आहे तुझं. पण आधी वर जाऊन बघ, कुणासाठी. यादिएल वर आला. एफ्राईनला बघितलं, यंत्र बघितलं, बाहेर येऊन पाचही फाटकांवरच्या चिंध्या बघितल्या. मग त्याने मला एवढंच विचारलं, बाटलीवर किती वेळ निघेल? मी म्हटलं, पाच तास. "मला दोन लागतील," तो म्हणाला, आणि पास्टर निल्साला करंट बंद करायला सांगितलं. गुन्ह्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

पावणेदोन तास लागले. लाईट आली तेव्हा सगळ्या टेकडीवर एकच गलका झाला, आली, आली. आमच्याकडे लाईट आली की पोरंच काय, म्हातारेही ओरडतात. पुढे चर्चच्या माणसांनी धावपळ करून माझ्या पॅनेलना बॅटरी मिळवून दिली, मग एकेक करून बाकी घरांना. बॅटरीचा स्विच बेर्तोने तीनदा तपासला, आणि म्हणाला, वाईट नाही.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी तो फाटकावरची चिंधी सोडायला आला. मी म्हटलं, आत या, बुटांसकट या. तो स्वयंपाकघरात येऊन बसला. एफ्राईनने शेजारच्या खोलीतून हाक मारून विचारलं, ही बाई तुला अजून चावली कशी नाही? मी कॉफी ठेवली. या वेळी साखर दोनदा चाखून बघितली. कप त्याच्यासमोर ठेवताना त्याची नजर वर कपाटावरच्या रेडिओकडे गेली.

"तो चालतो का अजून?" त्याने विचारलं.

आतून एफ्राईन म्हणाला, कुठला चालतोय, कधीचा बिघडलाय.

बेर्तो माझ्याकडे बघत होता. मी स्टुलावर चढले, रेडिओ खाली घेतला, ॲप्रनने चोवीस वर्षांची धूळ पुसली आणि पिन सॉकेटला लावली. बटण फिरवायला माझा हात होईना. बेर्तोने आपला डावा हात पुढे केला आणि त्या तीन बोटांनी बटण फिरवलं.